ताणलेल्या तारेचा यंग गुणांक : प्रयोगशाळेतील मापन व शेतकुंपणातील उपयोजन

प्रास्ताविक : यवतमाळ जिल्ह्यात रानडुक्कर व रोही यांच्यापासून पिकांचे रक्षण करण्यासाठी शेताभोवती तारेचे कुंपण घातले जाते. खरिपापूर्वी, भर उन्हात घट्ट ताणलेली तार हिवाळ्यात आकसू पाहते आणि कोपऱ्याचे खांब आत ओढले जातात. ही ओढ किती, हे ज्या राशीवरून ठरते ती राशी महाविद्यालयीन प्रयोगशाळेत मोजली जाते.

तत्त्व : स्थितिस्थापकता मर्यादेच्या आत लांबीतील वाढ भाराच्या प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये स्पष्ट केला. थॉमस यंग यांच्या १८०७ मध्ये प्रकाशित व्याख्यानांमुळे संबंधित गुणांकाला त्यांचे नाव मिळाले. प्रतिबल व विकृती यांचे गुणोत्तर म्हणजे यंग गुणांक होय.

यंग गुणांक = (बल × मूळ लांबी) ÷ (काटछेदाचे क्षेत्रफळ × लांबीतील वाढ)

मापन : सर्ल यांच्या उपकरणात एकाच आधारावरून एकाच धातूच्या दोन तारा टांगतात. एकीवर भार वाढवीत नेतात. दुसरी तुलनेसाठी असते. आधार किंचित वाकला अथवा तापमान बदलले तरी परिणाम दोन्ही तारांवर सारखाच होतो व वजाबाकीत नाहीसा होतो. पाणसळीचा बुडबुडा सूक्ष्ममापी स्क्रूने मध्यावर आणून वाढ मोजतात. २ मीटर लांब व ०.५० मिमी व्यासाची पोलादी तार १ किलोग्रॅम भाराने सुमारे ०.५ मिमी वाढते. त्यावरून गुणांक सुमारे २०० अब्ज न्यूटन प्रति चौरस मीटर येतो.

त्रुटीचे मूळ : लांबीत १ मिमी चूक झाल्यास उत्तर केवळ ०.०५ टक्के बदलते. व्यासात मात्र ०.०१ मिमीची चूक २ टक्के असते आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येत असल्याने उत्तरात ती ४ टक्के होते. म्हणून व्यास अनेक ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी परस्परांस लंब अशा दोन दिशांनी मोजावा. भार चढविताना व उतरविताना घेतलेल्या वाचनांची सरासरी घ्यावी.

उपयोजन : पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट प्रसरण पावते. दोन्ही टोके पक्की असलेल्या तारेचे तापमान ३० अंशांनी उतरले, तर तीत सुमारे ७.२ कोटी न्यूटन प्रति चौरस मीटर इतके जादा प्रतिबल निर्माण होते. २.५ मिमी व्यासाच्या तारेसाठी ही ओढ सुमारे ३५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३६ किलोग्रॅम वजनाइतकी असते. चार पदरी कुंपणात कोपऱ्याच्या खांबावर प्रत्येक बाजूने तिच्या चौपट बल पडते.

निष्कर्ष : उन्हाळ्यात तार शेवटच्या टोकापर्यंत न ताणता थोडी सैल ठेवणे व कोपऱ्याच्या खांबांना तिरपे टेके देणे इष्ट ठरते. प्रयोगवहीतील उत्तर पुस्तकातील आकड्याशी जुळविण्यापेक्षा व्यास काळजीपूर्वक मोजण्याची सवय अधिक मोलाची आहे. कुंपणाच्या हिशेबातही व्यासाचा वर्गच येतो.