घोट्याची मुरगळ

घोट्याची मुरगळ म्हणजे घोट्याच्या सांध्यातील अस्थिबंध प्रमाणाबाहेर ताणले जाणे किंवा फाटणे होय. खेळताना होणाऱ्या दुखापतींमध्ये ही अत्यंत सामान्य आहे. बोलीभाषेत तिला 'पाय मुरगळणे' किंवा 'पाय लचकणे' असे म्हणतात. अस्थिबंध हे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी जोडणारे चिवट, तंतुमय पट्टे असतात. स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी कंडरा ताणली गेल्यास त्या दुखापतीस मुरगळ न म्हणता स्नायूताण म्हणतात.

कारणे

बहुतेक वेळा पाऊल आतल्या बाजूस वळते, त्यावर शरीराचा भार पडतो आणि घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध दुखावतात. आतील बाजूचा अस्थिबंध अधिक बळकट असल्याने त्याला इजा कमी वेळा होते. खो-खोमध्ये खांबाजवळ झटकन वळताना, कबड्डीत घोट्याची पकड सोडवताना किंवा व्हॉलीबॉलमध्ये उडीनंतर दुसऱ्या खेळाडूच्या पायावर पाय पडल्यास मुरगळ होऊ शकते.

तीव्रता

मुरगळीचे तीन प्रकार मानले जातात. सौम्य प्रकारात अस्थिबंधाचे तंतू ताणले जातात, मध्यम प्रकारात तो अंशतः फाटतो, तर तीव्र प्रकारात तो पूर्णपणे तुटून सांधा अस्थिर होतो. वेदना, सूज आणि त्वचा काळीनिळी पडणे ही प्रमुख लक्षणे आहेत.

प्राथमिक उपचार

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडली. दाह हा शरीराच्या दुरुस्ती-प्रक्रियेचाच भाग असल्याने बर्फामुळे भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे त्यांनीच पुढे म्हटले. त्यामुळे बर्फाचा उपयोग मुख्यतः वेदना कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून थोडा वेळ केला जातो. पहिले दोन-तीन दिवस पाय जोराने चोळणे किंवा शेकणे टाळावे. त्याने रक्तस्राव व सूज वाढू शकते.

अस्थिभंगाची शंका

केवळ सुजेवरून मुरगळ व अस्थिभंग यांतील फरक ओळखता येत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओटावा नियमां'नुसार, घोट्याच्या भागात वेदना असून घोट्याच्या हाडाच्या टोकावर किंवा मागील कडेवर दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते.

पुनर्वसन

वेदना थांबणे म्हणजे अस्थिबंध पूर्ण बरा होणे नव्हे. सांध्याच्या स्थितीची जाणीव मेंदूला देणारे चेतातंतूही या दुखापतीत बाधित होतात. त्यामुळे घाईने मैदानात परतणाऱ्या खेळाडूचा तोच पाय पुन्हा मुरगळण्याचा धोका असतो. एका पायावर तोल सांभाळणे, टाचा उचलणे यांसारखे व्यायाम टप्प्याटप्प्याने केल्यास हा धोका कमी होतो. दुखऱ्या पायावर वेदनेविना धावता, वळता व उडी मारता येऊ लागल्यावरच खेळ पुन्हा सुरू करणे योग्य मानले जाते.