राज्यशास्त्राची उमेदवारी

वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रुग्णालयात आणि अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्याने शाळेत काही काळ प्रत्यक्ष काम केलेच पाहिजे, हे आपण सर्वजण गृहीत धरतो. परंतु राज्यशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळवू इच्छिणाऱ्याने कोठे जावे? राज्य ही काही एखाद्या इमारतीत सापडणारी वस्तू नव्हे. तथापि आपल्या विद्यापीठांनी अलीकडे या विद्यार्थ्यांनाही ग्रंथालयाबाहेर धाडण्यास आरंभ केला आहे. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून, नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार, पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप, क्षेत्रप्रकल्प अथवा लोकसंपर्काचे काम यांना स्थान मिळाले. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून एम. ए.च्या पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षणास किंवा क्षेत्रप्रकल्पास ४ श्रेयांक ठेवले गेले. एका श्रेयांकास ३० तास या हिशोबाने हे काम १२० तासांचे होते.

आपल्या भाषेत यास एक जुना शब्द आहे, तो म्हणजे उमेदवारी. पूर्वी कचेरीत जागा मिळण्याच्या आशेने बिनपगारी खपणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. आज तोच शब्द निवडणुकीस उभा राहणाराही वापरतो. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास या दोन्ही अर्थांची ओळख असावी हे बरे.

विद्यार्थीमित्रहो, या १२० तासांत शिकण्यासारखे असते तरी काय, हे एका उदाहरणाने पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. त्या दिवशी नागपूरचे राजधानीपण संपून ते भोपाळास आले आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही तेथे स्थायिक झाली. त्याच भोपाळच्या अरेरा कॉलनीत बिट्टन मार्केट आहे. तेथील हाटात भाजी घेण्यास येणाऱ्या माणसास जवळच उभ्या असलेल्या मेट्रो प्लाझा या इमारतीकडे लक्ष देण्याचे कारण नसते. परंतु त्याच्या घरातील विजेच्या दिव्याचा दर ठरविणाऱ्या मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाचा पत्ता अनेक वर्षे हाच राहिला आहे.

हा आयोग १९९८ साली स्थापन झाला. पाठ्यपुस्तकात आपण कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ अशी राज्याची तीन अंगे शिकतो. हा आयोग या तिन्हींपैकी कोणत्याही एकात नीट बसत नाही. त्याचे सभासद लोकांनी निवडलेले नसतात. तरीही तो साक्षीपुरावे पाहतो, नियम करतो आणि आदेशही देतो. २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार वितरण कंपनीस आपला खर्च व मागितलेले दर यांचा अर्ज आयोगापुढे ठेवावा लागतो आणि तो प्रसिद्ध करावा लागतो. त्यावर लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. (विद्यार्थ्याचे १२० तास आणि आयोगाचे १२० दिवस, हा केवळ योगायोग!)

आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीस अशा कचेरीत आलेल्या हरकतींचा तक्ता करण्याचे काम मिळाले. वरवर पाहता ही कारकुनीच. परंतु तक्ता करताना तिने एवढेच मांडावे की कोणाकडून किती अर्ज आले, कारखानदारांच्या संघांनी आकड्यांनिशी काय म्हटले, आणि दोन खोल्यांत राहणाऱ्या ग्राहकातर्फे कोणी बोलले की नाही. सुनावणीचे दार सर्वांना उघडे असणे आणि त्या दारातून सर्वजण आत येणे, यांतील अंतर तिला त्या तक्त्यात मोजता येईल. लोकसहभागावरील मोठमोठ्या व्याख्या पाठ करूनही जे उमगत नाही, ते येथे उमगण्याचा संभव अधिक.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मध्य प्रदेशात २०१९ साली लहान ग्राहकांना १०० युनिट वीज १०० रुपयांत देण्याची योजना आली. पुढे सरकार बदलले तसे योजनेच्या नावातील ‘इंदिरा’ जाऊन ‘अटल’ आले, सवलत मात्र राहिली. मग आयोगाने ठरविलेला दर खोटा ठरला काय? मुळीच नाही. सरकारला सवलत द्यावयाची असेल, तर तिची रक्कम त्याने कंपनीस आगाऊ भरावी, असे त्याच कायद्याच्या ६५ व्या कलमात आहे. दर ठरविणारा कोण, सवलतीचे श्रेय घेणारा कोण आणि अखेर पैसे भरणारा कोण, हे तीन प्रश्न वेगळे करता येणे म्हणजे निम्मे राज्यशास्त्र आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कायदेमंडळ जवळून पाहण्याची सोय मराठी विद्यार्थ्यांस नागपुरास आहे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतील राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग भरविते. तेथे मंत्री व विरोधी पक्षनेते यांची व्याख्याने होतात आणि सभागृहाचे कामकाजही पाहावयास मिळते. हे पाहणे झाले, करणे नव्हे. इंग्लंडातील हल विद्यापीठात प्रा. फिलिप नॉर्टन यांनी उभारलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थी एक संपूर्ण वर्ष लंडनमध्ये संसद सदस्याच्या कचेरीत काम करतात आणि मग अंतिम वर्षासाठी विद्यापीठात परततात. वर्षभरात माणूस कामास उपयोगी पडू लागतो. तीन-चार आठवड्यांत बहुधा तो केवळ पाहुणा राहतो.

या उमेदवारीत धोकेही आहेत. २०२३ साली मध्य प्रदेश शासनाने प्रत्येक विकासखंडात १५ याप्रमाणे ‘जनसेवा मित्र’ नेमले. शासकीय योजना लोकांपर्यंत नेणे हे त्यांचे मुख्य काम होते. त्यांना मानधन मिळे, ही गोष्ट चांगलीच. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. योजना समजावून सांगणे कोठे संपते आणि तिची जाहिरात कोठे सुरू होते, हे बावीस वर्षांच्या तरुणाने एकट्याने ठरवावयाचे काय? ती रेषा महाविद्यालयाने आधी आखून दिली पाहिजे, आणि विद्यार्थ्याच्या अहवालात प्रतिकूल निरीक्षणासही जागा असली पाहिजे.

मानधन नसेल तर अडचण निराळी. सुट्टीत शिकवण्या करून किंवा दुकानात बसून स्वतःची फी भरणाऱ्या मुलास १२० तास फुकट देणे परवडत नाही. मग तो ओळखीच्या कचेरीतून नुसता दाखला आणतो. ज्याच्या घरी राज्ययंत्रणेची ओळख आधीच आहे, त्यालाच ती अधिक जवळून पाहावयास मिळते. आणि ज्याला तिची खरी गरज, तो बाहेर राहतो. या एका कारणासाठी तरी अशा कामास प्रवासखर्च व अल्प मानधन असावे, असे वाटते.

पदवीपर्यंत थांबण्याचा धीर ज्यांस नसेल, त्यांना एक गोष्ट आताच करता येईल. वीजदराच्या अर्जाची जाहीर सूचना बहुधा हिवाळ्यात वृत्तपत्रांत येते. हरकत कोठे व किती तारखेपर्यंत पाठवावी आणि सुनावणी कोणत्या गावी आहे, हे तीतच छापलेले असते. घरातील विजेचे बिल शेजारी ठेवून ती सूचना एकदा वडील माणसांबरोबर वाचून पाहावी.