पानगळीनंतरचा श्टालेक

ऱ्हाईनकाठचे किल्ले उन्हाळ्यात पाहावेत, हे पर्यटनाच्या धंद्याने इतके ठसवले आहे की नोव्हेंबरनंतर जर्मनीतल्या बाखाराख गावी जाणे अनेकांना वेडेपणाच वाटेल. प्रवासी बोटी जवळजवळ बंद, बऱ्याच वाइनघरांना कुलूप, दरीत दुपारपर्यंत धुके. तरीही गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या श्टालेक किल्ल्यात राहायचे तर हिवाळ्यातच राहावे, असे मला वाटते. किमान बाराव्या शतकापासून इथे किल्ला आहे आणि त्याचे सारे महत्त्व खालची नदी, तिच्यावरचा व्यापार आणि बाजूच्या उतारावरची द्राक्षे यांच्यामुळे. उन्हाळ्यात हिरवळ आणि गर्दी या नात्याला झाकून टाकतात. पाने झडली की ते उघडे पडते.

आधी नदी. बाखाराखच्या वरच्या अंगाला, बिंगेनजवळ, नदीच्या पात्रात कठीण खडकाचा उंबरठा होता. मोठी जहाजे तिथून जाऊ शकत नसत. वरच्या प्रदेशातली वाइन लहान होड्यांतून येई, बाखाराखला मोठ्या जहाजांवर चढे आणि पुढे कोलोनकडे जाताना बाखाराखच्याच नावाने विकली जाई. स्वतःच्या पिकाच्या मानाने या छोट्या गावाचे नाव खूप मोठे झाले ते त्यामुळे. थोडे खाली, काऊबपाशी, नदीच्या मधोमध एका खडकाळ बेटावर फाल्त्सग्राफेनश्टाइन हा जकातीचा किल्ला आहे. चौदाव्या शतकात बांधलेल्या या नाक्याची वसुली १८६६ पर्यंत चालली. सेनापती ब्ल्यूखरचे सैन्य नेपोलियनचा पाठलाग करत याच ठिकाणी नदी ओलांडून गेले, तेही १८१३ सरून १८१४ उजाडत असताना, ऐन थंडीत. या नदीला ‘सीझन’ कधीच नव्हता. मालवाहू जहाजे आजही बारा महिने जातात, आणि हिवाळ्यात खोलीच्या खिडकीतून नजर त्यांच्यावरच खिळते.

खरी श्रीमंती मात्र उतारावर आहे. हे उतार इतके खडे आहेत की पुष्कळ काम हातानेच करावे लागते. पायाखाली पाटीच्या दगडाचा चुरा असतो. तो दिवसाचे ऊन साठवतो आणि रात्री वेलींना परत देतो. इतक्या उत्तरेला रीस्लिंग जातीचे द्राक्ष पिकते त्यात या दगडाचा आणि नदीचा मोठा वाटा आहे. चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या बांधांच्या भिंती उन्हाळ्यात पानांआड जातात. जानेवारीत मात्र एकेक थर मोजता येतो. कुठे पोट सुटले आहे, कुठे भिंत ढासळून झुडपे माजली आहेत, हेही दिसते. गेल्या शतकात या खोऱ्यातली द्राक्षशेती किती आटली, ते सांगायला वेगळा फलक लागत नाही. छाटणीही याच दिवसांत चालते. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची गोडीछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. इथे वेल खरोखर झोपतो, म्हणून छाटणी एकच. बहुतेक काड्या काढून टाकायच्या, एखाद-दुसरी राखायची आणि वसंताच्या तोंडावर ती कमानीसारखी वाकवून बांधायची. येणाऱ्या हंगामात किती घड येणार याचा मोठा निर्णय त्या कात्रीत असतो. सप्टेंबरचा पाहुणा फक्त निकाल पाहतो.

श्टालेकमधल्या मुक्कामावर एक आक्षेप वजनदार आहे. फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये श्टालेक सुरुंगाने उडवला. आज दिसतो तो विसाव्या शतकात, १९२५ नंतर, पुन्हा उभारलेला किल्ला, आणि मुख्य बुरूज तर १९६० च्या दशकातला. शिवाय आत आहे युवा वसतिगृह: दुमजली पलंग, सामायिक जेवणघर, शाळांच्या सहली. मग ऐतिहासिक मुक्काम कसला? मला हा आक्षेप उलटा वाटतो. युवा वसतिगृहाची कल्पना रिखार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्ये सुचली आणि पहिले कायमचे वसतिगृह आल्टेनाच्या किल्ल्यातच निघाले. सरदारांच्या भिंतींआड कामगारांची पोरे स्वस्तात झोपावीत, हा किल्ल्यांच्या इतिहासातला अस्सल टप्पा आहे. त्याला काळी बाजूही आहे. नाझींनी श्टालेकची हीच वास्तू तरुणांच्या मनांवर आपला ठसा उमटवण्यासाठी वापरली, आणि १९४२ मध्ये लक्झेंबर्गमध्ये झालेल्या संपानंतर तिथल्या शाळकरी मुलांना ‘सुधारण्यासाठी’ इथे डांबले. जुने दगड तेवढे खरे आणि हे खोटे, असे म्हणणाऱ्याला या मुलांना काय उत्तर द्यायचे ते ठरवावे लागेल.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे आणि तो मान्यच करावा लागतो. जेवणाची ठिकाणे थोडी, दिवस लहान, वसतिगृहही नाताळच्या आसपास उघडे असेलच असे नाही; आधी विचारून घ्यावे. पण डाव्या काठाची रेल्वे धावत असते, आणि दार उघडे असलेल्या वाइनघरात मालकाला बोलायला सवड असते. त्याला बर्फवाइनबद्दल विचारावे. तिच्यासाठी द्राक्षे वेलीवरच उणे ७ अंशांपर्यंत गोठावी लागतात, आणि गोठलेलीच पिळावी लागतात. २०१९ च्या हंगामात सबंध जर्मनीत कुठेही तेवढी थंडी पडली नाही आणि बर्फवाइनचे पीक अजिबात निघाले नाही. असे प्रथमच घडले. हिवाळ्यातला पाहुणा ज्या थंडीबद्दल कुरकुरतो, तीच आता या उतारांवर हातची जाऊ लागली आहे.