एक जंत, दोन दिनदर्शिका

जॉर्जियात किंवा लुइझियानात राहत असाल आणि रविवारच्या मटणासाठी जवळच्या फार्मवर जात असाल, तर तिथल्या शेतकऱ्याला विचारून पाहा, शेळ्या कशाने दगावतात? कोयोटच्या आधी तो बहुधा जंताचं नाव घेईल.

हीमॉन्कस कॉन्टॉर्टस हे त्याचं शास्त्रीय नाव. इथे म्हणतात बार्बर पोल वर्म, कारण मादीच्या अंगात रक्ताने भरलेलं आतडं आणि पांढरं गर्भाशय एकमेकांभोवती पिळलेलं असतं. सलूनबाहेरचा तो फिरता खांब आठवा. शेळ्यामेंढ्यांच्या चौथ्या जठरात बसून एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त संपवतो. किरकोळ वाटतं ना? हजार जंत असले की रोजचे ५० मिलिलिटर झाले.

मादी रोज हजारो अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, अळ्या होतात आणि दवाच्या थरातून गवतावर चढतात. त्यासाठी ऊब आणि ओल दोन्ही हवी. दक्षिणेकडच्या दमट उन्हाळ्यात दोन्हींची चंगळ, पश्चिम टेक्ससच्या रखरखाटात अळ्या वाळून जातात. मिनेसोटात कुरण गोठतं, तेव्हा हा पठ्ठ्या मेंढीच्या पोटातच वाढ थांबवून पडून राहतो.

गायींमधला ऑस्टरटॅगिया तर कमालच करतो. उत्तरेत तो जठराच्या भिंतीत हिवाळाभर झोपतो, दक्षिणेत उन्हाळाभर! जात तीच, कुरणावर जो ऋतू घातक तो टाळायचा.

१९६१मध्ये थायाबेंडाझोल आलं, १९८०च्या दशकात आयव्हरमेक्टिन. सगळ्या कळपाला सरसकट औषध पाजलं गेलं. वाचले ते औषधाला न जुमानणारे जंत, आणि त्यांचीच प्रजा वाढली. आज दक्षिणेतल्या अनेक कळपांत एकाहून अधिक औषधगट निकामी आहेत. म्हणून दक्षिण आफ्रिकेतली 'फमाचा' पद्धत इथे रुजली: शेळीची खालची पापणी उघडायची, रंग तक्त्याशी जुळवायचा आणि फिक्या पडलेल्या जनावरालाच औषध द्यायचं. बाकीच्यांच्या पोटात औषधाने मरणारे जंत मुद्दाम शिल्लक ठेवायचे, म्हणजे चिवट जंतांचं राज्य होत नाही. पद्धत फक्त रक्तपिपासू जंतांपुरती. ऑस्टरटॅगिया पापणीत दिसत नाही.

मला जास्त भरवसा वाटतो तो जातिवंत प्रतिकारशक्तीचा. इथे गल्फ कोस्ट आणि सेंट क्रॉई मेंढ्या हीमॉन्कसला बऱ्यापैकी पुरून उरतात. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली गारोल मेंढी आणली ती मुख्यतः जुळ्या कोकरांसाठी. पण दख्खनीशी तुलना केल्यावर जंतांपुढेही तीच जास्त चिवट निघाली.