डायब्लो इम्मॉर्टल: मुलांना द्यावा का? भुतांपेक्षा खिशाकडे लक्ष ठेवा

मोबाईल गेम म्हटलं की बहुतेक पालकांना फ्री फायर नाहीतर बीजीएमआय आठवतो. बंदुका, मारामारी, मित्रांची आरडाओरड. 'डायब्लो इम्मॉर्टल' जरा वेगळ्या जातीचा आहे. अंधारलेली गावं, स्मशानं, चालते सांगाडे, सैतान. अशा गेमना 'डार्क फँटसी' म्हणतात. ब्लिझार्ड आणि नेटइझ या कंपन्यांनी जून २०२२ मध्ये तो आणला. उतरवून घ्यायला फुकट आहे. मग बारा-तेरा वर्षांच्या पोरानं हट्ट धरला, तर काय बघायचं?

आधी गोष्ट. जादूचा एक मोठा दगड फुटतो, त्याचे तुकडे विखुरतात आणि जिथं पडतात तिथं वाईट शक्ती माजते. स्कार्न नावाचा सैतान ते तुकडे गोळा करायला निघतो, त्याला अडवायचं. वेताळ, हडळ, महिषासुर ऐकत वाढलेल्या पोरांना यात फार नवीन काही नाही.

रक्त मात्र भरपूर आहे. नेक्रोमॅन्सर नावाचं पात्र मेलेल्यांचे सांगाडे उभे करतं, प्रेतांचा स्फोट करून शत्रू मारतं. खेळताना सगळं वरून, लांबून दिसतं, त्यामुळे अंगावर येणं थोडं कमी होतं. तरी रात्री एकटं झोपायला घाबरणाऱ्या लेकराला हे दाखवू नये. अमेरिकेत गेमना वयाचा शिक्का देणाऱ्या ईएसआरबी या संस्थेनं याला १७ वर्षांवरील गट दिलाय.

आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचा दाखला लागतो, यूए १३+, यूए १६+ वगैरे. गेमला तसा सरकारी दाखला नाही. प्ले स्टोअरवर वयाचा जो आकडा दिसतो, तो गेम बनवणाऱ्यानंच भरलेल्या प्रश्नावलीवरून निघतो. मारामारी किती, शिव्या किती, भीती किती, याचा अंदाज त्यातून येतो. घरातले पैसे किती जातील, हे त्यात येत नाही. आणि या गेमचं खरं दुखणं तिथंच आहे.

पात्र ताकदवान करायला रत्नं लागतात. ती मिळवायला 'क्रेस्ट' लावून एका भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, शेवटी रत्न हाती येतं. कोणतं येणार, किती ताऱ्यांचं येणार, ते नशिबावर. थोडे क्रेस्ट खेळून मिळतात, बाकीचे पैसे मोजून घ्यायचे. जत्रेत चिठ्ठी उचलतात तसंच हे, फक्त इथली जत्रा कधी उठत नाही. बेल्जियममध्ये पैसे देऊन घेतलेल्या अशा नशिबाच्या पेट्या २०१८ पासून जुगारात धरल्या जातात. तिथं आणि नेदरलँड्समध्ये कंपनीनं हा गेम काढलाच नाही.

म्हणून 'फुकट आहे' हे पोराचं म्हणणं अर्धंच खरं. वडिलांचा यूपीआय पिन पोरांना पाठ असलेली घरं कमी नाहीत. शिवाय दुकानातून रिडीम कोड आणला की पिनचीही गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट चॅटची. गेममध्ये अनोळखी लोक मेसेज टाकतात, गटात बोलावतात. समोरचा पंधराचा की पन्नाशीचा, काही कळत नाही. नाव, गाव, शाळा, फोटो, नंबर द्यायचा नाही, हे खेळ सुरू होण्याआधीच सांगून ठेवावं.

तेरा वर्षांखालच्या मुलांना हा गेम नकोच. पंधरा-सोळाच्या पोराला द्यायचा झाला, तर आईवडिलांपैकी कुणीतरी आधी अर्धा तास शेजारी बसून बघावा. पोरगं हरल्यावर चिडतं का, सारखं दुकानाचं बटण दाबतं का, हे त्या अर्ध्या तासात कळतं. गेम काही जीबींचा आहे, रोजच्या डेटा पॅकचा फडशा पडतो, तेही लक्षात ठेवा.

प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, सेटिंग्जमध्ये जा. तिथं प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे. 'पॅरेंटल कंट्रोल्स'मध्ये वयाची मर्यादा घालता येते. त्याचा पिन वेगळा ठेवा, यूपीआयचा नको. चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवर रिफंडची विनंती टाका. उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.