ढिगाऱ्याखाली डोकावणारी गाडी: धाराशिवच्या मुलांनो, असा बनवा रोबो

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट धाराशिव जिल्हा विसरलेला नाही. चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला आणि दगडमातीच्या जाड भिंती, माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: आत कुणी जिवंत आहे का?

२००१ मध्ये न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं, तेव्हा हे शोधायला ढिगाऱ्यात छोटे रोबो सोडले गेले. त्याच तत्त्वावरची साधी गाडी आज शाळकरी मुलंही बनवू शकतात. ती कशी, ते आपण पाहू.

गाडीचा मेंदू

रास्पबेरी पाय हा एकाच पाटीवर मावणारा संगणक. मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून तो २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये आला. आपल्या गाडीला त्यातला 'झीरो २ डब्ल्यू' पुरतो. लांबी साडेसहा, रुंदी तीन सेंटिमीटर, वायफाय आतच. घेताना दोन गोष्टी बघा. साध्या मॉडेलवर पिना बसवलेल्या नसतात, त्या सोल्डर कराव्या लागतात. आणि त्याला कॅमेऱ्याची अरुंद पट्टी लागते, नेहमीची बसत नाही.

बाकी सामान असं: सांगाडा, गिअरच्या दोन पिवळ्या बीओ मोटरी, चाकं, पुढे एक फिरतं चाक, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, कॅमेरा, मेमरी कार्ड, १८६५० चे दोन लिथियम सेल आणि व्होल्टेज कमी करणारा बक कन्व्हर्टर.

मोटर थेट का जोडायची नाही?

शेतातल्या पंपाचं हिरवं बटण आपण बोटानं दाबतो, पण मोटरचा करंट बटणातून जात नाही. तो भार स्टार्टर उचलतो. इथंही तसंच. पायची पिन ३.३ व्होल्टवर जेमतेम काही मिलिअँपिअर देते आणि मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. थेट जोडलीत तर बोर्ड जळेल. म्हणून मध्ये ड्रायव्हर हवा.

एकामागे एक जोडलेले दोन सेल ७.४ व्होल्ट देतात, पूर्ण चार्ज असतील तर ८.४. ही वायर ड्रायव्हरला द्या. ड्रायव्हर स्वतः दोनेक व्होल्ट खातो, उरलेले मोटरींना पुरतात. पायला मात्र बक कन्व्हर्टरमधून ५ व्होल्टच द्यायचे. जोडण्याआधी मल्टिमीटरनं मोजाच. ड्रायव्हर आणि पायचं ग्राउंड एकत्र जोडा, नाहीतर मोटरी हुकूम पाळणार नाहीत. सेल संरक्षक सर्किटवाले घ्या आणि उलटे बसवू नका. लिथियमला आग लागते.

वळणार कशी?

स्टिअरिंग नाहीच. दोन्ही मोटरी पुढे फिरल्या की गाडी पुढे. डावी थांबली आणि उजवी फिरली की गाडी डावीकडे. ट्रॅक्टर बांधाशी वळवताना एकाच बाजूचा ब्रेक दाबतात, अगदी तसं.

पायथन भाषेत 'जीपीआयओ झीरो' ही तयार लायब्ररी आहे. तिच्यात पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब यासाठी एकेका ओळीचे हुकूम आहेत. पायलाच हॉटस्पॉट बनवा आणि मोबाईल त्याला जोडा. चित्रही दिसेल, बटणंही चालतील. गावात रेंज नसली तरी काही अडत नाही.

सिग्नल तुटला तर?

वायफाय दगडातून नीट जात नाही. बटण दाबलेलं असतानाच सिग्नल गेला तर गाडी धावतच सुटेल. म्हणून प्रोग्राममध्ये एक नियम घाला: अर्धा सेकंद नवा हुकूम आला नाही तर मोटरी बंद. मागे मजबूत दोरीही बांधा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढता येईल.

सुरुवात कुठून?

२०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. आपल्या शाळेत ती असेल तर पालकांनी एकच विचारावं: कुलूप किती दिवस उघडं असतं? नसेल तर चार मित्रांनी मिळून सामान आणावं.

ही गाडी खऱ्या बचावकार्यात उतरवायची नाही, ते प्रशिक्षित पथकांचं काम आहे. पण अशा पथकांना उद्या चांगली यंत्रं लागतील. ती बनवणारे हात उमरगा, लोहारा, परंडा इथलेही असावेत, एवढंच आमचं म्हणणं आहे.