शंभर टक्क्यांचा फसवा आकडा

कर्जत-खंडाळा दरम्यानच्या बोरघाटात उतारावर बेफाम सुटलेली गाडी अडवण्यासाठी बाजूला चढणीचे रूळ टाकलेले आहेत. त्यांना ‘कॅच सायडिंग’ म्हणतात.

समजा, विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही त्याची प्रतिकृती केली आणि सांधे बदलणारा 100 ओळींचा संगणक-प्रोग्राम लिहिला. चाचण्यांत 80 ओळी चालून पाहिल्या गेल्या; म्हणजे ‘कव्हरेज’ 80 टक्के. राहिलेल्यांपैकी 10 ओळी मोटारीला विद्युत्संदेश देतात. मोटार जोडल्यावाचून त्या तपासता येत नाहीत. अशा ओळी हिशेबातून वगळण्याची सोय असते. पायथन भाषेत त्यासाठी ‘प्रॅग्मा: नो कव्हर’ अशी खूण करतात. आता 90 पैकी 80, म्हणजे सुमारे 89 टक्के. हे योग्यच आहे. मात्र वगळण्याचे कारण शेजारी लिहावे आणि मोटार जोडून त्या ओळी पाहाव्यात.

उरलेल्या 10 ओळी गाडीचा वेग मर्यादेबाहेर गेल्यास काय करायचे ते ठरवतात. त्यांवरही खूण केली तर 80 पैकी 80, पूर्ण शंभर टक्के! पण ज्यासाठी सायडिंग बांधले, तेच तपासायचे राहिले. वास्तविक, वेगाचे काल्पनिक आकडे देऊन त्या ओळी घरबसल्या तपासता येतात. म्हणून वगळण्यापूर्वी विचारा: ही ओळ तपासणे अशक्य आहे, की फक्त कंटाळवाणे?